सेन्सर बदलण्याआधी

मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या गॅरेजमध्ये गाडीला स्कॅनर लावावा आणि पडद्यावर कूलंटचं तापमान उणे ४० अंश दिसावं, असं खरोखर घडतं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटली किंवा त्याच्या पिनपाशी सांधा सुटला की अनेक गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, हाच आकडा दाखवतो. हा सेन्सर म्हणजे गरम होईल तसा रेझिस्टन्स कमी होणारा एक छोटा मणी. बॉशच्या नेहमीच्या प्रकारात तो २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम भरतो आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास उतरतो. उलट थंडी जितकी जास्त तितका रेझिस्टन्स जास्त. तार तुटली की रेझिस्टन्स अमर्याद होतो, आणि ईसीयूच्या कोष्टकात त्याचा अर्थ एकच निघतो: कल्पनेपलीकडची थंडी. जुना ईसीयू त्यावर विश्वास ठेवून बिचाऱ्या गारठलेल्या इंजिनाला जादा पेट्रोल पाजत राहतो. जरा शहाणा असेल तर आकडा अशक्य आहे हे ओळखतो, रेडिएटरचा पंखा कायमचा चालू ठेवतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो.

अशा वेळी स्कॅनरवर येतो तो कोड पी ०११८. त्याची अधिकृत व्याख्या वाचली तर तिथे सेन्सर खराब झाल्याचं कुठेही म्हटलेलं नसतं. कूलंट तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आहे, एवढंच तो सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या पिना, प्लग, दोन-चार फूट तार, अर्थिंगचा बोल्ट, मधले जोड आणि ईसीयूची आतली पाटी. यांतला कुठलाही दुवा निसटला तरी कोड तोच. गॅरेजमध्ये मात्र कोडचं नाव वाचून सरळ सेन्सर बदलला जातो. दिवा विझला तर निदान बरोबर ठरतं, न विझला तर पुढचा सेन्सर मागवला जातो. भाग बदलण्याचा हा क्रम ग्राहकाच्या खिशातून चालतो आणि त्याला 'ट्रायल' म्हणतात.

हे पुस्तक त्या मधल्या दुव्यांबद्दल आहे, आणि त्यातही विशेषतः अशा दुव्यांबद्दल, जे घरच्या टेबलावर पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने आणि एका भिंगाने दुरुस्त होतात. ते किती असतात? वाटतात त्यापेक्षा जास्त, आणि इंटरनेटवरच्या व्हिडिओंतून भासतात त्यापेक्षा बरेच कमी. ही सीमारेषा नेमकी कुठे आहे, ते या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९५८ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने बेंडिक्स कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची यंत्रणा काही मोजक्या गाड्यांवर दिली. त्या काळच्या सुट्या भागांना बॉनेटखालचं वातावरण मानवलं नाही आणि बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर बसवावे लागले. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक फोक्सवॅगन १६०० वर आली आणि टिकली. आपल्याकडे २००० सालच्या उत्सर्जन निकषांनी पेट्रोल गाड्यांमधला कार्बोरेटर हळूहळू घालवला. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आल्यावर तर दुचाकीसुद्धा सेन्सरांवर चालू लागली. आज तालुक्याच्या गावातल्या स्कूटर मेकॅनिकलाही ऑक्सिजन सेन्सर ठाऊक असतो. कार्बोरेटर पुसून, जेट फुंकून गाडी चालू करणाऱ्या पिढीच्या हातात एक बंद प्लॅस्टिकची डबी आली आणि ती उघडायची नसते, असं तिला सांगितलं गेलं.

काही डब्या मात्र उघडता येतात. त्यासाठी मला सर्वांत चांगलं वाटणारं उदाहरण आपल्या रस्त्यांवरचं नाही, ब्रिटनमधलं आहे. निस्सान मायक्राची दुसरी पिढी, कारखान्यातलं नाव के११, इंग्लंडच्या ईशान्येला संडरलंड इथल्या कारखान्यात तयार होत असे. १९९३ साली तिला 'युरोपियन कार ऑफ द इयर' हा किताब मिळाला. जपानी कंपनीच्या गाडीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. भारतात २०१० मध्ये आलेली मायक्रा ही नव्हे, ती दोन पिढ्यांनंतरची. के११ छोटी, चिवट आणि स्वस्त होती. नव्याने गाडी शिकणारी मुलं आणि निवृत्त माणसं, दोघांचीही ती आवडती. वय झाल्यावर या गाड्यांना एक ठरावीक आजार जडू लागला. सुरू व्हायची आणि लगेच बंद पडायची, किंवा चालताना अचानक दम सोडायची. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी काटा अडीच हजार फेऱ्यांच्या अलीकडेच अडकायचा. हवेच्या मोजमापावर भरवसा उरला नाही की निस्सानचा ईसीयू सुमारे २,४०० फेऱ्यांच्या वर पेट्रोल तोडतो. इंजिन वाचवण्याचा हा त्याचा मार्ग.

दोष होता हवा मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, म्हणजे मास एअर फ्लो सेन्सरमध्ये. गॅरेजमध्ये त्याला 'मॅफ' म्हणतात. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, म्हणून आत येणारी हवा वजनात मोजणं ईसीयूला भाग असतं. त्यासाठी हवेच्या वाटेत एक अतिशय बारीक तार ठेवून ती विजेने तापवतात. वाहती हवा तिला गार करते, आणि तापमान टिकवायला जास्त विद्युतप्रवाह द्यावा लागतो. तो प्रवाह मोजला की हवा मोजली. तापलेल्या तारेचं आणि वाहत्या हवेचं हे गणित मॅकगिल विद्यापीठातल्या लुई व्हेसो किंग यांनी १९१४ साली मांडलं, तेव्हा त्याचा मोटारींशी काही संबंध नव्हता. प्रयोगशाळेत वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी ते हवं होतं. निस्सानच्या त्या काळच्या सेन्सरांत हे मोजमाप रिकाम्या चालीला एक ते पावणेदोन व्होल्टच्या दरम्यान बाहेर पडतं आणि इंजिन फिरवलं की वाढत जातं.

के११ मध्ये हा सेन्सर थ्रॉटल बॉडीवरच, म्हणजे इंजिनाच्या अंगावर बसवलेला होता. त्यामुळे इंजिनाची उष्णता आणि थरथर दोन्ही त्याच्यापर्यंत थेट पोहोचत. तार शाबूत, पाटीवरचे सुटे भागही शाबूत. तडे जात ते बाहेरच्या प्लगच्या जाड पिना जिथे पाटीला सोल्डरने जोडलेल्या होत्या तिथे. तपासणी इतकी साधी की ऐकून विश्वास बसत नाही. इंजिन रिकाम्या चालीत ठेवायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने सेन्सरच्या डबीवर हलकेच टिचक्या मारायच्या. इंजिन अडखळलं की दोष तिथेच. मग डबी काढून तिचं चिकटवलेलं झाकण पात्याने सोडवायचं, सांधे पुन्हा वितळवून त्यांवर ताजं सोल्डर घ्यायचं आणि झाकण बंद करायचं. जुन्या मायक्राच्या किमतीकडे पाहता नवा सेन्सर परवडत नसे आणि भंगारातून आणलेल्या सेन्सरचे सांधेही तेवढेच म्हातारे असत. त्यामुळे ब्रिटनमधल्या कितीतरी मायक्रा मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरलं ते याच कामासाठी.

हा एकट्या मायक्राचा गुन्हा नव्हे. १९८०-९० च्या दशकांतल्या होंडा गाड्यांचा मेन रिले उन्हात तापला की गाडी सुरू होत नसे आणि संध्याकाळी निमूट सुरू होई. कारण तेच, पिनेभोवती तडा. फोक्सवॅगनच्या टीडीआय डिझेल गाड्यांमधला १०९ क्रमांकाचा रिले त्याच कारणासाठी कुप्रसिद्ध झाला.

सांधा का तडकतो हे समजलं की तो नीट जोडता येतो, म्हणून इथे थोडं थांबतो. जुन्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असतं, आणि ते १८३ अंशांना वितळतं. बॉनेटखाली इंजिनाला चिकटलेला भाग १२५ अंशांपर्यंत तापू शकतो. निरपेक्ष तापमानात मोजलं तर हे वितळबिंदूच्या ८७ टक्के झालं. लोखंडाच्या बाबतीत तेवढंच प्रमाण धरलं तर जवळपास १,३०० अंश होतात. इतक्या तापमानाला लोखंडाकडून कुणी भार पेलण्याची अपेक्षा करणार नाही, सोल्डरकडून मात्र आपण करतो. त्यात भर फुगण्या-आकसण्याची. अशा सेन्सरांतली पाटी अनेकदा सिरॅमिकची असते आणि पिना पितळेच्या. शंभर अंशांच्या चढउतारात दहा मिलिमीटर पितळ सुमारे १९ मायक्रॉन वाढतं, सिरॅमिक जेमतेम सात. उरलेले बारा मायक्रॉन मधल्या सोल्डरने सोसायचे. रोज ऑफिसला जाऊन येणारी गाडी वर्षाकाठी पाचशेहून अधिक वेळा तापते आणि निवते. दरवेळी सोल्डर किंचित सरकतं, त्याचे कण जाडेभरडे होत जातात, आणि शेवटी पिनेभोवती एक बारीक गोल भेग पडते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. दहापट भिंगातून, तिरक्या उजेडात, सांधा जरासा कलवून पाहिलं की काळी अंगठी दिसते. गाडी थंड असताना भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतात आणि तापल्यावर दूर जातात. म्हणून बिघाड येतो-जातो, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी हमखास चांगली वागते.

इथे मल्टिमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. कंटिन्युइटी तपासताना मीटर अगदी नगण्य प्रवाह सोडतं, त्यामुळे तुटत आलेल्या तारेचा एक धागा शिल्लक असला तरी ते खुशाल बीप करतं. खरी परीक्षा सर्किट काम करत असताना होते. सेन्सरची अर्थ तार आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर सेन्सरला हात लावण्याआधी अर्थिंगचा माग काढावा. येणारा-जाणारा बिघाड असेल तर केस वाळवायचा ड्रायर आणि थोडी चिकाटी या दोन गोष्टी महागड्या स्कॅनरपेक्षा उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष सोल्डरिंगला पाच मिनिटं लागतात, त्याच्या तयारीला तासभर. सेन्सरच्या आत ओलावा रोखण्यासाठी बहुधा पारदर्शक सिलिकॉन जेल भरलेलं असतं. सांध्यावर त्याचा पातळ थर जरी राहिला तरी सोल्डर पसरत नाही, वरच्यावर गोळा होतं आणि वरून पाहता सांधा छान चकाकतो. आत तो पिनेला धरलेलाच नसतो. जेल लाकडी काडीने काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसायची, बारीक तार किंवा फिल्म असेल तिथे काडी आणि बोट दोन्ही न्यायचं नाही. जुनं सोल्डर शक्यतो पूर्ण उचलायचं. त्यासाठी तांब्याची वेणी मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. मग राळेचा फ्लक्स लावून ताजं सोल्डर द्यायचं. आपल्या घरांमध्ये कल्हईची आठवण अजून पुसलेली नाही आणि नवसागराने कथील कसं चटकन पसरतं हे अनेकांनी पाहिलेलं असतं. तो मोह इथे टाळावा. नवसागर असो की नळजोडणीची आम्लयुक्त पेस्ट, मागे उरलेला क्षार पावसाळ्यातल्या दमटपणात तांबं खात राहतो आणि काही महिन्यांत दुसराच बिघाड हाती देतो. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. सोल्डर शिशाचं असेल तर काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला स्पर्श नको.

झाकण बंद करताना बहुतेकांचा घात होतो. हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. बंद डबीत ते आम्ल आताच जोडलेल्या सांध्यांवर आणि तांब्याच्या रेषांवर बसतं. शिवाय काही सिलिकॉनांची वाफ इंजिनातून जाऊन ऑक्सिजन सेन्सर निकामी करते. 'न्यूट्रल क्युअर' आणि 'सेन्सर सेफ' असं ट्यूबवर लिहिलेलं पाहूनच घ्यावं, आणि गाडीत बसवण्याआधी ते पूर्ण सुकू द्यावं.

आता सीमारेषेची दुसरी बाजू. ऑक्सिजन सेन्सरच्या तारा सोल्डर करू नयेत, हा नियम ऐकून अनेक जण हसतात. तार ती तार, असं त्यांना वाटतं. पण नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरला धुराड्यातल्या वायूची तुलना करायला बाहेरची हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरांत ती हवा तारांच्या धाग्यांमधल्या पोकळीतून आत येते. सोल्डर आणि फ्लक्स त्या धाग्यांत शिरले की सेन्सर गुदमरतो. तिथे दाबून बसवायचे क्रिम्प जोडच वापरायचे.

क्रँकशाफ्टचा सेन्सर ही दुसरी गोष्ट. साठ दातांपैकी दोन मुद्दाम गाळलेलं चाक त्याच्यासमोरून फिरतं. प्रत्येक दात सहा अंशांचा, आणि रिकाम्या जागेवरून ईसीयूला इंजिन कुठल्या स्थितीत आहे ते कळतं. जुन्या प्रकारात आत चुंबक आणि हजारभर ओहमच्या आतबाहेरचं एक वेटोळं असतं. गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरू होते, या लक्षणामागे पुष्कळदा हाच सेन्सर निघतो. पण ते वेटोळं केसापेक्षा बारीक तारेचं आणि घट्ट प्लॅस्टिकमध्ये ओतलेलं. ते उकरून जोडण्याचा पराक्रम करणारे मला माहीत आहेत. त्यांच्या गाडीतून घाट चढायची माझी तयारी नाही. त्याचा प्लग किंवा बाहेरची तार तुटली असेल तर ती जरूर जोडावी, फक्त तारेभोवतीची जाळीही पूर्ववत करावी आणि ती मुळात एकाच टोकाला अर्थ केलेली असेल तर तशीच ठेवावी. नाहीतर कॉइलच्या ठिणगीचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो आणि गाडी मिसिंग मारू लागते.

इंजिनावर थरथरणाऱ्या कुठल्याही तारेला सोल्डर हा पहिला उपाय नव्हेच. वितळलेलं सोल्डर धाग्यांमध्ये वर चढतं, तेवढी तार कडक होते, आणि कडक भाग जिथे संपतो तिथे ती पुन्हा तुटते. चांगला क्रिम्प आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी हा जोड जास्त टिकतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हिरवं पडलेलं तांबं आणि पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या तारा, हे आपल्याकडचे दोन मोठे 'सेन्सर बिघाड'. यांत सेन्सर बहुतेक वेळा निर्दोष असतो.

एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टीअरिंग आणि ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर या पुस्तकात नाहीत आणि घरच्या टेबलावरही नसावेत. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला लावता येते. ब्रेकच्या बाबतीत ती सवड मिळत नाही. आणखी एक गोष्ट जाणूनबुजून गाळली आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी रेझिस्टर-कॅपॅसिटर लावून दिवा विझवण्याची युक्ती बाजारात सर्रास विकली जाते. ती दुरुस्ती नव्हे, पीयूसीच्या कागदाशी आणि रस्त्यावर श्वास घेणाऱ्यांशी केलेली लबाडी आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, नवा सेन्सर का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. मिळत असेल, अस्सल असेल आणि परवडत असेल तर घ्यावा. पण वय झालेल्या गाडीसाठी बाजारात जे स्वस्त 'ओरिजिनल' मिळतं त्यातलं बरंच नकली असतं. नकली नव्या सेन्सरपेक्षा नीट जोडलेला अस्सल जुना सेन्सर मला जास्त भरवशाचा वाटतो. त्यात माहितीचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. कारण, अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती त्या स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नव्हत्या. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केलं त्यात मोटारींचाही समावेश आहे. तरीही कुठल्या पिनेवर किती व्होल्ट यावेत हे मराठीत लिहिलेलं सापडणं आजही मुश्कील आहे. शेतात पंपाचा स्टार्टर, घरात मिक्सर आणि गल्लीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसांकडे लागणारं कौशल्य पुरेपूर आहे. अडतं ते आकड्यांपाशी, म्हणून पुढच्या पानांवर कोष्टकं जास्त आणि उपदेश कमी ठेवला आहे.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने कोड पुसला की काम संपलं असं समजू नये. कोड पुसताना ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात करून शहरात आणि महामार्गावर अशी मिश्र चाल लागते. स्कॅनरच्या 'रेडिनेस' पानावर त्या पूर्ण झालेल्या दिसेपर्यंत दिवा विझलेला असण्याला फारसा अर्थ नाही. पेट्रोलच्या गाड्यांसाठी ही पद्धत शेवटच्या प्रकरणात सविस्तर दिली आहे. डिझेलच्या कॉमन रेलचा प्रेशर सेन्सर मात्र गाळला आहे. त्या रेलमध्ये १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबाचं डिझेल असतं, इंजिन बंद केल्यावरही काही वेळ दाब उरतो, आणि सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तो सेन्सर काढायचा तर डिझेल पंपाच्या कारागिराकडेच जावं.